अन्ननलिकेचा कर्करोग : शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर रुग्णाला आधार कसा द्यावा?

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिली चर्चा ऑपरेशनची सुरू होते. कुठे करायचे, खर्च किती येईल, माणूस वाचेल का? हे प्रश्न रास्तच आहेत. पण ऑपरेशनचा दिवस एकच असतो. त्याआधीचे दोन-तीन महिने आणि त्यानंतरचे वर्षभर रुग्ण बहुतांश काळ घरीच असतो. त्या काळात वजन किती टिकले, छाती किती मोकळी राहिली, तंबाखू सुटली की नाही, नळीची निगा नीट राखली की नाही, यावर ऑपरेशनचे यश बऱ्याच अंशी अवलंबून असते. ही कामे सर्जनची नाहीत, घरच्यांची आहेत.

आमच्या परिचयातील एका कुटुंबात डॉक्टरांनी रुग्णाला नाकातून नळी घालून आहार सुरू करायला सांगितले. थोरल्या भावाने नकार दिला. "नळी लागली म्हणजे संपलंच की सगळं," असे त्यांचे म्हणणे. पुढच्या तीन आठवड्यांत रुग्णाचे वजन आणखी घटले आणि ठरलेले उपचार पुढे ढकलावे लागले. शेवटी नळी घातली, वजन सावरले आणि ऑपरेशनही झाले. भावाचे प्रेम कमी नव्हते. त्यांना माहिती मिळालेली नव्हती, एवढेच. ती माहिती एकत्र मिळावी म्हणून हा लेख आम्ही देत आहोत. तो डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचे आणि घरी काय करायचे हे ठरवायला त्याची मदत होईल.

आजार नेमका काय आहे?

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत अन्न नेणारी, मोठ्या माणसात साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या आतल्या अस्तरात गाठ वाढू लागली की वाट अरुंद होते. सुरुवातीला भाकरीचा किंवा मटणाचा घास छातीत अडकल्यासारखा वाटतो. माणूस वर पाणी पितो आणि विसरतो. मग भात अडकू लागतो, पुढे पेजही उतरत नाही. सोबत वजन घटते, काही जणांचा आवाज बसतो, जेवताना खोकला येतो. "पित्त झालंय" म्हणून महिनोन्महिने गोळ्या घेतल्या जातात आणि मोलाचा वेळ जातो. घास अडकण्याचा त्रास दोन-तीन आठवडे टिकला तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, करून घ्यावी.

आपल्याकडे आढळणारा मुख्य प्रकार स्क्वॅमस पेशींचा. बिडी-सिगारेट, तंबाखू, गुटखा, सुपारी आणि दारू ही त्याची मोठी कारणे आहेत. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोका अधिक वाढतो. मिश्री लावणाऱ्या स्त्रियाही तंबाखूच घेत असतात, हे लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम पेये पिण्याची सवय ही कर्करोगाची संभाव्य कारणे या गटात घातली. दुसरा प्रकार, ॲडिनोकार्सिनोमा, नळीच्या खालच्या टोकाला होतो. त्याचा संबंध बरीच वर्षे आम्ल वर येण्याशी आणि स्थूलपणाशी आहे. ज्यांना कोणतेच व्यसन नव्हते अशांनाही हा आजार होतो. म्हणून रुग्णाला "तुझ्याच कर्माची फळं" असे कोणीही ऐकवू नये. तंबाखू सोडायला मदत करणे आणि आजारी माणसाला दोषी ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिले पंधरा दिवस

एंडोस्कोपीत गाठीचा तुकडा काढून तपासतात, त्याला बायोप्सी म्हणतात. मग सीटी स्कॅन, बहुतेक ठिकाणी पेट-सीटी, आणि गरजेनुसार श्वासनलिकेची दुर्बीण तपासणी होते. आजार किती खोल आहे, आसपासच्या गाठींत किंवा दुसऱ्या अवयवात पोहोचला आहे का, हे त्यातून कळते आणि मगच उपचार ठरतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" किंवा "हवा लागली की वाढतो" या समजुतीपायी तपासणी टाळू नये. हा आजार संसर्गजन्य नाही. एकाच ताटात जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने तो कोणाला होत नाही. रुग्णाचे भांडे वेगळे ठेवण्याचे काही कारण नाही. अंगारे, उतारे आणि हमखास गुण येण्याची जाहिरात करणारी जडीबुटी यांत गेलेला महिना परत मिळत नाही.

या काळात डॉक्टरांना पुढील प्रश्न लिहून नेऊन विचारावेत :

• आजार कोणत्या टप्प्यात आहे? उपचार बरे होण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी?
• ऑपरेशनआधी केमो किंवा रेडिएशन द्यावे लागेल का? किती आठवडे?
• या रुग्णालयात वर्षाला अशी किती ऑपरेशन होतात? ही शस्त्रक्रिया मोठी आहे आणि ती वारंवार करणाऱ्या केंद्रांत निकाल चांगले येतात, म्हणून हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.
• आतापासून आहार कसा द्यायचा? आहारतज्ज्ञ कुठे भेटतील?

रुग्णाला आजार सांगायचा की लपवायचा, यावरून घराघरांत वाद होतात. आमचे मत असे की जेवढे त्याला जाणून घ्यायचे आहे तेवढे त्याला खरे सांगावे. पुढचे अनेक महिने त्याला श्वासाचे व्यायाम, नळी, केमो हे सगळे स्वतः सोसायचे असते. कशासाठी सोसायचे हे माहीत नसलेला माणूस लवकर कंटाळतो. शिवाय वॉर्डात बसल्यावर चार दिवसांत त्याला सगळे कळतेच, आणि मग घरच्यांवरचा विश्वास उडतो.

शस्त्रक्रियेपूर्वी : वजन, श्वास, तोंड आणि तंबाखू

आजार नळीच्या भिंतीत खोलवर किंवा आसपासच्या गाठींत असेल तर आधी केमो व रेडिएशन देऊन गाठ लहान करतात. नेदरलँड्समधील एका अभ्यासाने २०१२ साली रूढ केलेल्या पद्धतीत आठवड्याला एक अशा पाच केमो आणि त्याच पाच आठवड्यांत २३ वेळा रेडिएशन देतात. त्यानंतर काही आठवडे शरीर सावरू देऊन ऑपरेशन करतात. काही रुग्णांना फक्त केमो देतात. म्हणजे निदानापासून ऑपरेशनपर्यंत तीन-चार महिने जाऊ शकतात. हा वाट पाहण्याचा काळ नव्हे, तयारीचा काळ आहे.

आहार. कुपोषित शरीरात जखम भरत नाही, शिवलेला जोड सुटण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. साधारण हिशेब असा की दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. रुग्ण ५० किलोचा असेल तर १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने. नुसती तांदळाची पेज आणि वरणाचे पाणी यांवर हा आकडा गाठता येत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात. घट्ट घास उतरत नसेल तर याच गोष्टी पातळ करून द्याव्यात : दुधात दुधाची पावडर मिसळून, मुगाचे कढण घट्ट करून वर तूप सोडून, नाचणीच्या आंबिलीत शेंगदाण्याचे बारीक कूट घालून, अर्धे कच्चे नव्हे तर पूर्ण उकडलेले अंडे सुपात वाटून, केळे किंवा चिकू दुधात घोटून. मासे खाणाऱ्यांनी काटा काढून, शिजवून, मऊ कुस्करून द्यावेत. तिखट, आंबट आणि वाफाळते टाळावे. मधुमेह असेल तर फळे, गूळ, साखर यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

एक सावधगिरी. ज्याने कित्येक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नाही, त्याला एकदम भरपूर आहार देऊ नये. रक्तातील क्षार अचानक घसरून जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावा लागतो.

नळी. तोंडाने पुरेसे जात नसेल तर नाकातून पोटात किंवा पोटाच्या भिंतीतून थेट लहान आतड्यात नळी बसवतात. बहुतेक रुग्णांसाठी ही तात्पुरती सोय असते. गाठ लहान झाली की पुष्कळांना उपचारांच्या मधल्या काळातच पुन्हा गिळता येऊ लागते. नळी लागली म्हणजे शेवट आला असे नव्हे. उपचार सोसायला ताकद यावी म्हणून ती असते.

रेडिएशनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गिळताना जळजळ वाढते. आजार वाढला असे समजून उपचार सोडू नयेत. हा उपचारांचाच परिणाम असतो. घसा बधिर करणारे व अस्तराला आराम देणारे औषध मागून घ्यावे. मात्र केमो सुरू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर रात्र असली तरी थांबू नये, रुग्णालय गाठावे.

श्वास. छातीतून ऑपरेशन करताना एका बाजूचे फुप्फुस काही काळ मिटवून ठेवतात. नंतर दुखण्यामुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. या शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या धोक्यांपैकी तो एक आहे. म्हणून तीन चेंडूंचे स्पायरोमीटर आधीच आणून सराव सुरू करावा. अनेक जण त्यात फुंकर मारतात. ते चूक आहे. श्वास सोडून, नळी तोंडात धरून, सावकाश आत ओढायचा, चेंडू वर दोन-तीन सेकंद टिकवायचे. जागेपणी दर तासाला दहा वेळा. सोबत रोज अर्धा तास चालणे, जमेल तेवढे जिने चढणे. घरातल्या शाळकरी नातवंडाकडे "आजोबांचे चेंडू मोजण्याचे" काम द्यावे. ते चोख होते आणि आजोबाही टाळाटाळ करत नाहीत.

तोंड. किडके दात आणि सुजलेल्या हिरड्यांतील जंतू लाळेबरोबर फुप्फुसांत उतरतात. रेडिएशन व ऑपरेशनआधी दंतवैद्याला दाखवावे, दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासावेत, गुळण्या कराव्यात. रुग्ण तोंडाने खात नसला तरी हे चुकवू नये.

तंबाखू. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी धूम्रपान पूर्ण बंद हवे. जितके आधी तितके चांगले. "आता काय राहिलंय, घेऊ दे एखादी" ही दया रुग्णाच्या फुप्फुसांना महागात पडते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. घरातल्या बाकीच्यांनीही त्याच्यासोबत सोडली तर त्याला सर्वांत मोठा आधार मिळतो. रोज दारू पिणाऱ्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये. अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात आणि त्यावर औषध द्यावे लागते.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

अन्ननलिकेचा आजारी भाग व त्याच्या आसपासच्या लसिका गाठी काढून टाकतात. मग जठराला लांबट नळीचा आकार देऊन ते छातीतून वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला छातीत किंवा मानेत जोडतात. म्हणजे यापुढे पोटात पूर्वीसारखी पिशवी राहत नाही आणि आम्ल खाली अडवणारी झडपही राहत नाही. पुढचे बहुतेक नियम या एका बदलातून आलेले आहेत : कमी खाणे, बसून खाणे, उशाकडून उंच झोपणे. शस्त्रक्रिया छाती उघडून किंवा लहान छिद्रांतून दुर्बिणीने करतात आणि तिला कित्येक तास लागतात. बाहेर बसलेल्यांनी वेळ लागला म्हणून घाबरू नये.

रुग्णालयातील दिवस

पहिले एक-दोन दिवस किंवा जास्त काळ रुग्ण अतिदक्षता विभागात असतो. छातीत, नाकात, पोटावर, लघवीच्या जागी नळ्या असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो, म्हणून लहान मुलांना व वृद्धांना आधी सांगून मगच आत न्यावे. सारे सुरळीत असेल तर साधारण दहा ते चौदा दिवसांत घरी सोडतात.

या काळात सोबतच्या माणसाची कामे थोडी पण महत्त्वाची असतात. वेदना सहन करत बसू नका, नर्सला सांगा, असे रुग्णाला बजावावे. वेदना कमी असेल तरच तो खोकतो आणि चालतो. खोकताना छातीवर उशी धरायला द्यावी. डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून धरून चालवावे. आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. "घसा कोरडा पडलाय, चमचाभर पाणी दे ना ग" ही विनवणी ऐकवत नाही. तरीही पाणी देऊ नये. ओल्या कापसाने ओठ पुसावेत. नवा जोड भरून येण्याआधी गेलेले पाणी छातीत झिरपू शकते.

हा जोड झिरपण्याची भीती पहिल्या दहा दिवसांत अधिक असते. ताप, नाडी वेगाने चालणे, छातीत दुखणे, धाप, मानेची जखम लाल होणे किंवा त्यातून पाणी येणे ही त्याची चिन्हे आहेत. मानेतला जोड झिरपला तर तो पुष्कळदा नळीने आहार देत, ड्रेसिंग करत भरून येतो. छातीतला झिरपणे अधिक गंभीर असते. यात कोणाची हयगय झाली असे लगेच धरू नये. चांगल्या केंद्रांतही काही रुग्णांत असे होते. काहींचा आवाज बसतो, कारण स्वरयंत्राची नस अन्ननलिकेला लागूनच जाते. अशांना पाणी पिताना ठसका लागतो. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाची भेट मागून घ्यावी.

घरी आल्यावर : नळीची निगा

अनेक रुग्णांना पोटावरच्या नळीसह घरी पाठवतात. सुटी मिळण्याआधी घरातल्या दोन माणसांनी नर्ससमोर स्वतःच्या हाताने आहार देऊन पाहावा. एकच माणूस शिकला आणि तो आजारी पडला तर पंचाईत होते.

• हात साबणाने धुवावेत. रुग्णाला डोके वर करून बसवावे.
• आहाराआधी, आहारानंतर आणि प्रत्येक औषधानंतर ३० मिलि उकळून कोमट केलेले पाणी सोडावे.
• नळी थेट आतड्यात असेल तर आहार थेंबथेंब, सावकाश द्यावा. पिचकारीने एकदम ढकलला तर कळा येतात आणि जुलाब होतात.
• घरी केलेला आहार बारीक वाटून, तलम कापडातून गाळावा. बाहेर ठेवलेला चार तासांत आणि फ्रिजमधला २४ तासांत संपवावा.
• गोळ्या कुटून देण्याआधी विचारावे. काही गोळ्या कुटायच्या नसतात.
• नळी तुंबली तर कोमट पाण्याने हलकेच प्रयत्न करावा. तार किंवा काडी घालू नये.
• नळी निघाली तर छिद्रावर स्वच्छ गॉज ठेवून, निघालेली नळी सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जावे. छिद्र काही तासांतच आकसू लागते. उद्यावर ढकलू नये.

ताटातला बदल

तोंडाने खाणे सुरू होते तेव्हा आधी पातळ, मग घोटलेले, मग मऊ, असा क्रम काही आठवडे चालतो. मऊ खिचडी, दहीभात, उपमा, कुस्करलेली इडली, दुधात भिजवलेली पोळी, पिकलेली पपई, असे सुरुवातीला चालते. कडक भाकरीचा पापुद्रा, तंतुमय मांस, सुके खोबरे नंतर, डॉक्टरांनी सांगितल्यावर.

दिवसातून तीनदा जेवण्याची सवय आता सोडावी लागते. सहा ते आठ वेळा, वाटीभर किंवा त्याहून कमी, घड्याळ पाहून. ऑपरेशननंतर पुष्कळांना भूक लागल्याची जाणीवच होत नाही, म्हणून "भूक लागेल तेव्हा खाईन" हे चालत नाही. प्रत्येक घास खूप चावावा, वीस-तीस मिनिटे घ्यावीत. जेवताना पाणी घोटभरच. बाकीचे पाणी जेवणाआधी किंवा नंतर अर्ध्या तासाच्या अंतराने. खाल्ल्यावर तासभर तरी आडवे होऊ नये आणि रात्रीचे शेवटचे खाणे झोपण्याआधी तीन तास असावे. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर ठेवून ती बाजू उंच करावी. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान वाकते आणि पोट दाबले जाते. सपाट झोपल्यास आम्ल व अन्न घशात येऊन फुप्फुसांत जाऊ शकते. ही सवय कायमची ठेवायची.

गोड खाल्ल्यावर पंधरा मिनिटे ते तासाभरात पोटात कळा, धडधड, घाम, चक्कर, जुलाब होऊ लागले तर त्याला डम्पिंग म्हणतात. अन्न आतड्यात फार वेगाने उतरल्याने ते होते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून शिरा, गोड चहा, सरबत, ग्लुकोजचे पाणी रिकाम्या पोटी देऊ नये. आजाऱ्याला भेटायला जाताना ग्लुकोजचा डबा न्यायची आपली रीत आहे. या रुग्णासाठी त्याऐवजी अंडी न्यावीत. डम्पिंगचा त्रास बहुतेकांना आहार बदलून आटोक्यात येतो. साखर घसरण्याचे प्रकार वारंवार झाले, विशेषतः इन्सुलिन चालू असताना, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. दुधाने पोट फुगत असेल तर दही-ताक देऊन पाहावे.

पहिल्या सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांपर्यंत, कधी त्याहून जास्त घटते. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. घसरण थांबत नसेल तर ती वही घेऊन आहारतज्ज्ञाकडे जावे. रुग्णाला मात्र रोज "किती वाळलास रे" म्हणू नये.

आग्रहाबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. आपल्या घरांत प्रेम ताटातूनच दाखवले जाते. "दादा, एवढा घास तरी घे, माझ्यासाठी." तो घेतो, पोट भरलेले असते, ओकारी होते, आणि पुढचे दोन तास तो खात नाही. करणाऱ्या बाईला वाटते आपले रांधणे आवडले नाही. खाणाऱ्याला वाटते आपण सगळ्यांना त्रास देतो. दोघेही एकमेकांपासून तोंड लपवतात. यावर उपाय एकच : किती खायचे हे रुग्णाने ठरवावे, कधी खायचे याची आठवण घरच्यांनी करावी. त्याला वेगळ्या कोपऱ्यात न बसवता सगळ्यांच्या पंगतीत त्याची वाटी ठेवावी. नळीवर असताना पंगतीत बसायचे की नाही, हे त्याला विचारावे.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

• १००.४ अंश किंवा जास्त ताप, थंडी वाजणे
• धाप लागणे, छातीत नवीन दुखणे, धडधड
• रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच
• जखमेतून पू किंवा खाल्लेले अन्न बाहेर येणे
• पाणीही न उतरणे, सतत उलट्या, लघवी कमी होणे
• प्रत्येक घोटाला ठसका, आणि सोबत ताप किंवा कफ
• पायाला एका बाजूने सूज व दुखणे

काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा घास अडकू लागला तर घरात हाहाकार उडतो. आजार परतला असेलच असे नाही. पुष्कळदा जोडाची जागा व्रण भरताना आकसते आणि दुर्बिणीने ती रुंद करता येते. हे एकाहून अधिक वेळा करावे लागू शकते. अंदाज बांधत न बसता दाखवावे.

शुश्रूषा करणाऱ्याकडेही पाहा

बहुतेक घरांत हे सगळे एकाच बाईच्या अंगावर पडते. ती रात्री नळीसाठी उठते, सकाळी डबे करते, दुपारी कामाला जाते. तिचे दुखणे कोणी विचारत नाही. आमची वाचकांना विनंती आहे की भेटीला जाताना "काही लागलं तर सांगा" एवढेच म्हणून परतू नये. आठवड्यातले दोन दिवस ठरवून घ्यावेत, की या रात्री नळी मी बघतो, मुलांना शाळेत मी सोडते. वस्तीतल्या महिला मंडळाने, तरुणांनी रक्तदात्यांची यादी करावी, रुग्णालयात सोबतीची पाळी लावावी, कागदपत्रांची धावपळ वाटून घ्यावी.

रुग्ण आठवडेच्या आठवडे गप्प राहिला, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागला, तर ते नाटक नव्हे. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्यावर समुपदेशन व औषध दोन्ही आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

पैसा, प्रवास, कागद

उपचार सुरू होण्याआधीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांची चौकशी करावी. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. आधी पैसे भरून मागाहून योजना लावू म्हटले तर अडचण येते. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि बायोप्सीचा अहवाल यांच्या चार-चार प्रती एका पिशवीत कायम ठेवाव्यात. नावातला फरक आजच दुरुस्त करावा.

राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथील समाजसेवा विभागाला भेटावे. हा हक्क आहे, उपकार नव्हे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेच्या शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाडे माफ असते व सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात गावाहून येणाऱ्यांना राहण्याचा प्रश्न पडतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देत आली आहे. इतर सोयींची यादी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मिळते.

पुढची वर्षे

पहिली दोन वर्षे साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे अधिक अंतराने तपासणीला जावे लागते. बरे वाटते म्हणून ती चुकवू नये. जठराचे काम बदलल्याने ब-१२ जीवनसत्त्व आणि लोह कमी पडू शकते. रक्ततपासणीच्या वेळी त्याची आठवण करून द्यावी. खांदा व छातीचे व्यायाम चालू ठेवावेत. बहुतेकांची ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागते. दोन महिन्यांत कामावर जाण्याची घाई नको आणि वर्षानंतरही खाटेवरच ठेवण्याचा अतिरेकही नको.

काही रुग्णांचे ऑपरेशन होऊ शकत नाही. कारण आजार पसरलेला असतो किंवा शरीर तेवढे सोसणारे नसते. "आता काही करता येत नाही" हे वाक्य त्यांच्याबाबतही खरे नाही. काहींना केमो-रेडिएशनचा चांगला उपयोग होतो. अरुंद वाटेत जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवून पातळ अन्न गिळता येते. वेदनाशमन आणि परिहार सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, देणारे विभाग मोठ्या रुग्णालयांत असतात. त्यांच्याकडे लवकर जावे, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

हा लेख कापून किंवा छापून ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे पोहोचवावा. ज्यांच्या घरी अजून फक्त "घास अडकतो" एवढीच तक्रार आहे, त्यांनी या आठवड्यातच एंडोस्कोपी करून घ्यावी.